तुम्ही विचारलंत म्हणून: तेल्या दरवर्षी त्याच झाडावर कसा येतो?

तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूमुळे होणारा रोग. त्याबद्दल डाळिंबवाल्यांचा एक प्रश्न मला ठरलेला असतो. "पोराला एकदा गोवर येऊन गेला की पुन्हा येत नाही. मग तेल्या दरवर्षी त्याच झाडावर कसा? झाडाला प्रतिकारशक्ती नसते का?"

असते, आणि चांगली तल्लख असते. फक्त झाडाला रक्त नाही, त्यामुळे गस्त घालणाऱ्या पेशीही नाहीत. पानातल्या प्रत्येक पेशीला आपली राखण आपणच करावी लागते.

ही राखण सगळ्यात नीट उलगडली ती ॲराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका तणावर. जिवाणू ज्या शेपटीने पोहतो ती फ्लॅजेलिन या प्रथिनाची असते. तिचा काही भाग बदलला तर पोहणंच अडतं, म्हणून जिवाणू तो सहसा बदलत नाही. झाडाने नेमका तिथलाच तुकडा हेरलाय, 22 अमिनो आम्लांचा. तो ओळखणारं एफएलएस2 हे प्रथिन स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला थॉमस बोलर यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, 2000 साली. ते पेशीच्या पडद्यात बसलेलं असतं. तुकडा त्याला चिकटला की काही मिनिटांत पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते, पुढे पेशीची भिंत जाड होते, पर्णरंध्रं मिटतात. पानावर येऊन पडणारे बहुतेक जिवाणू इथंच अडतात. डाग पडत नाही, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

रोग करतो तो यातून निसटलेला. स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूची हुशारी बघा. त्याचे काही प्रकार शेपटीवर साखरेचा थर चढवतात, म्हणजे तो तुकडा उघडाच पडत नाही. (झाडही कमी नाही. ती साखर सोलायला ते आधी एक एन्झाइम सोडतं, हे 2019 मध्ये दिसून आलं.) शेपटीचे सुटे तुकडे झाडाच्या हाती लागण्याआधीच जिवाणू स्वतःच्या एन्झाइमने त्यांचा चुरा करतो. मिटलेली पर्णरंध्रं उघडायला तो कोरोनॅटिन सोडतो. झाडाच्या स्वतःच्याच एका संप्रेरकाची ती नक्कल आहे. शेवटी पेशीत सुई खुपसून तो तीसेक प्रथिनं आत टोचतो. त्यातली काही थेट एफएलएस2 आणि त्याच्या जोडीदारांवरच बसतात, मग धोक्याची खबर आतपर्यंत पोचतच नाही.

यावर झाडाची दुसरी फळी पेशीच्या आत असते. टोचलेल्या प्रथिनाची चाहूल लागली की ती पेशी स्वतःला मारून घेते, म्हणजे जिवाणूचा फैलाव तिथंच अडतो. मग जिवाणू पकडलं गेलेलं तेवढं प्रथिन टाकून देतो आणि खेळ पुन्हा सुरू.

आता गोवराचं. आपलं शरीर जन्मल्यानंतरही नवीन ओळख शिकतं. झाड तसं शिकत नाही. एका पानाला लागण झाली की सॅलिसिलिक आम्लाच्या मदतीने बाकीचं झाड काही आठवडे सावध राहतं, आणि तुमच्यातले काहीजण या आम्लाचा फवारा घेतात तो याच आशेवर. पण ही सरसकट सावधगिरी झाली, एका शत्रूची आठवण नव्हे. नव्या जिवाणूला ओळखणारं जनुक एका झाडाच्या आयुष्यात घडत नाही. ते पिढ्यांच्या उलथापालथीतून, बियाण्यातून येतं.

आणि आपण डाळिंबाची ही वाटच बंद केलीय. भगवा ही जात आपण गुटी कलमाने लावतो, म्हणजे बी न पेरता झाडाच्याच फांदीला मुळं फोडून. सोलापूर असो की नाशिक, जनुकांच्या हिशेबाने ते जवळपास एकच झाड. तेल्याचा जिवाणू झॅन्थोमोनास एका झाडाला चकवायला शिकला की सगळ्यांनाच चकवतो. माझ्या मते औषधाच्या बाटलीपेक्षा चर्चा याची व्हायला हवी.

भाताने काय केलं ते बघा. तिथल्या करप्याचा जिवाणू झॅन्थोमोनासच. त्याला ओळखणारं एक्सए21 हे जनुक आफ्रिकेतल्या जंगली भातातून आलं. पण त्यालाही चकवणारे प्रकार निघाले, म्हणून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा मसुरी या भाताच्या जातीत ते एकटं न घालता तीन जनुकं एकत्र आणली आणि 2008 मध्ये ती जात शेतात आली. त्यातलं एक्सए13 तर जिवाणूला ओळखतच नाही. साखर मिळवण्यासाठी जिवाणू भाताच्या ज्या जनुकाचं बटण दाबतो, ते बटणच तिथं बदललेलं आहे.

डाळिंबात तेल्याला दाद न देणारी आणि बाजारातही भगव्यासारखी चालणारी जात अजून आपल्या हाती नाही. तोवर छाटणी, स्वच्छता, बोर्डो मिश्रणाची फवारणी आणि पावसाळ्यातला बहार टाळणं हेच. आणि कलमं आणताना ती जिथल्या झाडांची आहेत ती मातृबाग आधी स्वतः जाऊन बघा, कारण तेल्या बहुतेकदा कलमाबरोबरच बागेत येतो.