कुरव आणि तंगूस

जानेवारी, पैठण

सकाळी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, जाळी ओढायची वेळ झाली की होड्यांभोवती कुरव पक्षी गोळा होतात. आजही होते. तपकिरी डोक्याचा कुरव म्हणतात, पण थंडीत डोकं पांढरं आणि कानामागे नुसता काळसर ठिपका, त्यामुळे नवखा माणूस फसतो. त्याने पंखाचं टोक बघावं : काळं, त्यात पांढरा डाग. लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर वीण आटोपून हे येतात. कोकणात समुद्रावर ट्रॉलरमागे फिरणारा पक्षी हाच, इथे भोयांच्या होडीमागे. जाळं झाडताना पडलेली बारकी मासळी उचलतो, कुणाचं काही बिघडत नाही.

घात करतं ते टाकून दिलेलं तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. पाणी उतरलं की फाटक्या जाळ्याचे तुकडे काठच्या बाभळीत, गाळात अडकून राहतात. नायलॉन कुजत नाही. अडकलेला पक्षी जेवढा फडफडेल तेवढा धागा बगलेत रुततो.

सोडवताना आधी सुती पंचा टाकून डोकं झाकावं, पक्षी शांत होतो. पंख अंगाशी मिटून धरावेत, पण छाती अजिबात आवळू नये. पक्ष्याला श्वासपटल नसतं, छातीचं हाड हललं तरच त्याचा श्वास चालतो. माणसं घाबरून मूठ घट्ट करतात आणि बरा होणारा जीव हातातच गुदमरतो. पाणकावळा असेल तर चोच बांधू नये. त्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बुजलेल्या असतात, तो तोंडानेच श्वास घेतो. डोळे मात्र सांभाळावेत, तो थेट चेहऱ्यावर चोच मारतो.

धागा ओढायचा नाही. बोथट टोकाची कात्री घ्यावी, आधी मानेचा वेढा कापावा, मग पंख, शेवटी पाय. कापलेले तुकडे सगळे उचलून खिशात. मांसात रुतलेला धागा तसाच ठेवून पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवावा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करावा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जातं.

आता उन्हाळ्यात बेटं उघडी पडतील, नदी सुरय पक्षी तिथे वाळूतच दोन-तीन अंडी घालेल. होडी तिथे लावली की जोडी उडते, आणि उघडी अंडी उन्हात भाजतात. वळसा घालून जावं.