रीमा लागू आईच्या भूमिकांत वाया गेल्या का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रीमा लागूंविषयी काहीही लिहिलं की हा प्रश्न येतोच: 'एवढ्या ताकदीची नटी आईच्या भूमिकांत वाया गेली, असं नाही वाटत?'

नाही वाटत. राग येतो, पण तो वेगळ्या गोष्टीचा. रीमाताईंचा जन्म १९५८चा, सलमान खानचा १९६५चा. 'मैंने प्यार किया' १९८९ साली आला, तेव्हा पडद्यावरची आई लेकाहून जेमतेम सात वर्षांनी मोठी होती. 'वास्तव'मधला मुलगा, संजय दत्त, तर त्यांच्यापेक्षा एकाच वर्षानं लहान. त्याच्या वयाचे नट नायक म्हणून मिरवत असताना तिशी उलटलेल्या बाईला थेट आई करायचं, हा धंद्याचा हिशेब. त्याचं खापर भूमिकेवर कशाला फोडायचं?

'वास्तव'मधला तो प्रसंग आठवा. गुंड झालेला रघू (संजय दत्त) अंगावर सोनं घालून घरी येतो आणि पन्नास तोळ्यांची साखळी आईला दाखवतो. बोलण्याचा सगळा झपाटा संजय दत्तचा. रीमाताईंकडे आहे ते फक्त ऐकणं आणि बघणं. पण त्या पैशाकडे आपण कसं बघायचं, हे मला त्यांच्या डोळ्यांतून कळलं. समोरचा बोलत असताना आपलं लक्ष खरं ठेवायचं, त्याचं वाक्य खायचं नाही, आणि तरी प्रसंग रिकामा पडू द्यायचा नाही: सहायक भूमिकेचं काम हे असतं. शेवटी हीच आई रघूच्या विनवणीवरून त्याला गोळी घालते. ते आपल्याला पटतं, कारण तिनं आधीपासून सगळं पाहिलेलं असतं.

हे बळ रंगभूमीचं. आई मंदाकिनी भडभडे नाटकात काम करणाऱ्या. स्वतः रीमाताईंनी 'पुरुष' नाटकातली, अत्याचाराचा सूड घेणारी अंबिका केली, 'सविता दामोदर परांजपे' हे नाटक केलं. ही कामं माहीत असलेल्या माणसाला त्यांची सोशिक आईसुद्धा दुबळी दिसत नाही.

आणि मालिका आपण का विसरतो? नव्वदीच्या दशकात सिनेमात त्या 'हम आपके हैं कौन'मधली मुलीची आई होत्या आणि छोट्या पडद्यावर 'तू तू मैं मैं'मधली खाष्ट सासू. सुप्रिया पिळगावकरांशी त्यांची जुगलबंदी बघा. तिथे त्या कुणाच्या मागे उभ्या नाहीत, मालिकाच त्या दोघींची आहे. 'श्रीमान श्रीमती'तली कोकी वेगळीच. सिनेमानं जो विनोद त्यांच्याकडून फारसा मागितलाच नाही, तो दूरदर्शननं मागून घेतला.

सहायक अभिनेत्रीसाठीचं फिल्मफेअर नामांकन त्यांना चार वेळा मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. हे मला आजही खुपतं. १८ मे २०१७ रोजी त्या गेल्या, तेव्हा 'नामकरण' ही मालिका सुरू होती. त्यात त्या प्रेमळ आई नव्हत्या. नातीच्या वाटेत उभी राहणारी कठोर आजी होत्या, आणि ती आजी बघताना भीती वाटायची.