सिंगापूरच्या वहीतल्या पट्ट्या आणि आपला 'क्ष'

सिंगापूरला नव्याने आलेल्या मराठी आईबाबांची पहिली चकमक उडते ती प्राथमिकच्या शाब्दिक उदाहरणांशी. वहीत समीकरणच नसतं, नुसत्या आडव्या पट्ट्या: प्रत्येक संख्येसाठी सारख्या चौकोनांची एक पट्टी, जितकी संख्या मोठी तितकी लांब. आपण सवयीने 'क्ष मानू' म्हणून सुरुवात करतो आणि पोरगं आणखी गोंधळतं, कारण बीजगणित इथे सहावीत येतं, तेही थोडंसंच. त्याआधीची वर्षं सगळी पट्टीवर जातात. 1980च्या दशकात इथल्या शिक्षण मंत्रालयात डॉ. खो टेक हाँग यांच्या गटाने ही पद्धत बसवली.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. अलीजवळ मेईच्या तिप्पट स्टिकर होते. त्याने तिला 24 दिले, तेव्हा दोघांकडे सारखे झाले. सुरुवातीला अलीजवळ किती होते?

मेईचा एक चौकोन काढा, त्याखाली अलीचे तीन. चौकोन सगळे सारखे हवेत आणि डावी कड एका रेषेत हवी, नाहीतर फरक डोळ्यांना दिसत नाही. फरक दोन चौकोनांचा आहे. इथेच बहुतेक मुलं 'दोन चौकोन = 24' लिहून मोकळी होतात आणि उत्तर 36 येतं. पण अलीने दोन्ही चौकोन दिले, तर मेईकडे तीन आणि त्याच्याकडे एक, म्हणजे पारडं उलटंच झुकलं. सारखं व्हायला एकच चौकोन सरकायला हवा. म्हणून एक चौकोन = 24, अलीजवळ 72. ताळा: 72 मधून 24 गेले, उरले 48, मेईचे 24 अधिक 24, तेही 48. समीकरणाने 72 येतंच, पण फरकाचं अर्धंच का द्यायचं, हे समीकरणात दिसत नाही.

दुसरा हमखास सापळा 'उरलेल्यापैकी' या शब्दाचा. पुस्तकाची 1/4 पानं शनिवारी वाचली, उरलेल्यापैकी 2/3 रविवारी, आणि 45 पानं राहिली. घाईत 1/4 आणि 2/3 यांची बेरीज होते, 11/12. मग 1/12 म्हणजे 45, आणि पुस्तक 540 पानांचं! पट्टी काढली की चूक राहतच नाही: चार भाग, एक खोडा, उरलेल्या तिनातले दोन खोडा. राहिला एक भाग, 45. एकूण 180. पहिल्या दिवशी 1/5 वाचलं असतं तर उरलेल्या चार भागांचे तीन वाटे सरळ पडले नसते. तेव्हा प्रत्येक भागाचे तीन तुकडे करायचे, म्हणजे अख्खी पट्टी 15 तुकड्यांची होते.

'जास्त दिसलं की बेरीज' हा मंत्र मात्र घरात शिकवू नका. रवीकडे 15 गोट्या, मीनापेक्षा 6 जास्त. मीनाकडे 9 आहेत, 21 नव्हेत. कोणाची पट्टी लांब, एवढं आधी विचारा.

सहावीच्या शेवटी पीएसएलई ही प्राथमिक शाळा संपतानाची परीक्षा असते. तिच्या दुसऱ्या पेपरला कॅल्क्युलेटर चालतो, त्यामुळे आकडेमोडीवाचून फारसं अडत नाही, अडतं ते मांडणीपाशी. मोठ्या प्रश्नांत पायऱ्यांनाही गुण असतात, तेव्हा 'एक भाग = 45' ही ओळ लिहायलाच हवी.

पट्टीलाही मर्यादा आहेतच. दोघांचे पैसे 5:3. एकाने 12 डॉलर खर्च केले, दुसऱ्याला 6 मिळाले, आणि गुणोत्तर 4:3 झालं. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या बदलल्या की चित्र काढता काढता कागद भरतो. अशा वेळी खुशाल 5क्ष आणि 3क्ष घ्या: 3(5क्ष − 12) = 4(3क्ष + 6), क्ष = 20, म्हणजे सुरुवातीला 100 आणि 60 डॉलर. फक्त क्ष म्हणजे गुणोत्तराचा एक भाग, हे पहिल्याच ओळीत लिहायला लावा. नाहीतर मुलं 20 हेच उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाला लागतात.