चहा बुडवणाऱ्यांच्या गावात आई

सहा वर्षं बॉस्टनमध्ये काढली, पण टी पार्टीच्या म्युझियममध्ये पाऊल ठेवलं ते आई ठाण्याहून आली तेव्हा. पाहुणे आल्याशिवाय आपण आपल्या गावातलं काही बघतो का!

जुन्या धाटणीच्या जहाजावर चढायचं, सगळ्यांबरोबर आरडाओरडा करायचा आणि चहाची पेटी पाण्यात भिरकवायची. पेटी लुटुपुटूची, दोरीला बांधलेली. फेकली की वर ओढायची, पुढच्याच्या हातात द्यायची. आईच्या हातात आली तेव्हा ती म्हणाली, "मी नाही बाई टाकणार. चहा आहे."

"आई, रिकामी आहे ती."

"असू दे."

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री, तेव्हा ब्रिटिशांची वसाहत असलेल्या ह्या गावातल्या लोकांनी खरोखर चहा बुडवला, तेव्हा पेट्या भरलेल्या होत्या. तीन जहाजांवर मिळून ३४२. चहा चीनचा, सुमारे ९२ हजार पौंड. ओहोटी असल्यामुळे तो नीट बुडेनासुद्धा, पाण्यात त्याचे ढीग साचले. आपण शाळेत शिकलो की चहावर कर लावला म्हणून फेकला. पण त्या वर्षीच्या कायद्यानं चहा उलट स्वस्त होणार होता! न खपलेल्या चहानं लंडनमधली गोदामं भरलेली, ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आलेली. तिला सावरायला सरकारनं इंग्लंडमधली जकात माफ केली आणि थेट अमेरिकेत माल विकायची मुभा दिली. वसाहतीतली पौंडामागे तीन पेन्सची जकात तेवढी ठेवली.

आईची अख्खी नोकरी विक्रीकर खात्यात गेली. तिनं लगेच विचारलं, "म्हणजे चोरटा माल विकणाऱ्यांचा धंदा बसणार होता?" होताच, डच चहा चोरून येत होता. "आणि विक्रीचं काम कुणाला मिळालं?" इतरांबरोबर वसाहतीचा गव्हर्नर हचिन्सन, त्याच्या दोन मुलांनाही. "हां," आई म्हणाली, जणू फाइल बंद केली.

हीच कंपनी पुढच्या वर्षी डिसेंबरात आमच्या ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेऊन बसली. ह्यांनी एका रात्रीच्या नासधुशीचं म्युझियम उभारलं, तिकीट लावलं. आमच्या किल्ल्यात तुरुंग आहे.

त्या रात्रीचा सूड मात्र हा देश अजून चहावर उगवतोय. कॅफेत चहा मागा: कागदी पेल्यात कोमट पाणी, शेजारी कोरडी पिशवी, वर फ्रिजमधलं गार दूध. उकळणं म्हणून काही असतं हे ह्यांच्या गावीच नाही. आणि 'चाय टी'! म्हणजे चहा चहा. पहिल्या वर्षी मी दर वेळी समजावून सांगायचे, आता मुकाट्यानं कॉफी घेते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सचंही हेच झालं होतं. १७७४ च्या जुलैत घोड्यावरून दमून आल्यावर त्यानं एका घरी विचारलं, कर न भरलेला, चोरटा चहा असेल तर चालेल का? घरमालकीण म्हणाली, चहा सोडलाय, कॉफी करून देते. तेव्हापासून तो रोज दुपारी कॉफी पिऊ लागला, असं त्यानं बायकोला कळवलंय.

संध्याकाळी आईनं ठाण्याहून आणलेली पावडर काढली, आलं ठेचलं. गाळता गाळता विचारलं, "प्रतिनिधी नाही तर कर नाही, असंच म्हणत होते ना ते? तुला इथे मत आहे?"

"नाही. एच-१बीवर, नोकरीच्या व्हिसावर, नसतं."

"कर?"

"भरते. केंद्राचा, राज्याचा, सोशल सिक्युरिटीचासुद्धा."

ती काही बोलली नाही, तरी मीच सुरू झाले. की रात्रभर बर्फ पडला तरी सकाळी आमचा रस्ता मोकळा असतो, लायब्ररी फुकट आहे, आणि ठाण्यात मत देत होते तेव्हा घोडबंदर रोडचे खड्डे काय बुजले होते? बराच वेळ बोलत होते.

आईनं कप पुढे सरकवला. "गार होतोय. पी."