बुडाखाली काय लिहिलंय

मागच्या चाकातून खर्र खर्र आवाज यायला लागला म्हणून गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने चाक काढलं, ब्रेकचा ड्रम हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, ड्रम संपला. दोनदा टर्निंग मारून, म्हणजे आतून तासून झालंय, आता मारायला काही राहिलं नाही. जोडीच आणा नवीन." कुठली आणू विचारलं, तर "ओरिजिनल आणा" एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

दुपारी अडीचला साताऱ्याच्या पोवई नाक्यावर ऊन मी म्हणत होतं. दुकानदार पेंगत होता. "कंपनीचा देऊ का लोकल?"

"कंपनीचा म्हणजे कुठला?"

"कंपनीचा म्हणजे कंपनीचा," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

मी खोका उघडला, तेलकट कागद सोडवला आणि ड्रम काउंटरवर उपडा केला. ब्रेक ड्रम कुणी पाहिला नसेल तर सांगते, बिडाचं जाड पातेलं समजा, दांडग्या बुडाचं. त्या बुडावर दोन उठावदार अक्षरं आणि चार आकडे होते, बाकी काही नाही. दुकानदार माझ्याकडे, मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे भाजीवाली बघते तसा बघत होता. खोक्यावरच्या चिठ्ठीवर किंमत होती, महिना-वर्ष होतं, एक नग लिहिलं होतं आणि पॅक करणाऱ्याचा पत्ता हरियाणाचा होता.

वस्तू उलटी करून बघायची ही माझी जुनी खोड. कुणाकडे गेले की कपबशी, डबा, पंख्याचा रेग्युलेटर, काही सुटत नाही. एकदा नणंदेच्या सासरी कपात घोटभर चहा उरलाय हे विसरून कप उलटा केला होता. त्यांचा टेबलक्लॉथ सोलापूरचा होता, हे त्या निमित्ताने कळलं.

खोड आजीची. गावाकडे लग्नकार्य असलं की भावकीतली भांडी गोळा व्हायची आणि कार्य उरकलं की अंगणात राखेने घासून त्यांचे ढीग लागायचे. मग आजी मला शेजारी बसवायची. आजीला वाचता येत नव्हतं. ती एकेक पातेलं उलटं करून माझ्यापुढे धरायची, "बुडाखाली बघ, कुणाचं हाय?" मी बोट फिरवत वाचायची. कुणाच्या नावापुढे सौ., कुणाच्या नावापुढे कै., खाली तारीख, काही ठिकाणी "यांजकडून भेट". काही नावं घासून घासून इतकी पुसट झालेली, की आडनावावरून दोन घरांत भांडण लागायचं. आजीच्या स्वतःच्या भांड्यांवर मात्र नावाशेजारी तीन टिंबं ठोकलेली होती. ती तिने मुद्दाम मारून घेतलेली. तेवढी तिला अंधारातही अंगठ्याने कळायची.

गंमत अशी की त्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, मेलेल्याचं नाव, सगळं होतं. घडवणाऱ्याचं कुणाचंच नव्हतं. विचारायचंही कारण नव्हतं. तांबटाने घडवलं, दुसरं कोण घडवणार.

लोखंडाचं मात्र तसं नव्हतं. लोखंड कुठलं यावरून आमच्या घरात चक्क दोन पक्ष होते. वडील साताऱ्याचे, त्यामुळे कूपर. सातारा रोडला कूपरांचा कारखाना, तिथले नांगर, मग डिझेल इंजिनं. हेच धनजीशा कूपर १९३७ मध्ये थोडे महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. तेव्हा मुख्यमंत्र्यांना पंतप्रधान म्हणत, पण वडील हा खुलासा कधी करायचे नाहीत. "पंतप्रधानाच्या कारखान्यातलं इंजिन आहे" असंच सांगायचे. आईचं माहेर पलूसकडचं, म्हणजे किर्लोस्कर. लक्ष्मणरावांनी १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, जिथे कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं तिथे, कारखाना आणि गाव दोन्ही वसवलं, हे आईने आम्हाला भाताबरोबर भरवलंय. मामाच्या विहिरीवर किर्लोस्करचा पंप आणि आमच्या विहिरीवर कूपरचं इंजिन. आमचं इंजिन हँडल मारताना रुसलं की आई काही न बोलता फक्त पदर सारखा करायची. दोन्ही कारखाने एकाच पुणे-मिरज रेल्वेलाइनवर आहेत, हे मोठेपणी लक्षात आलं. आई-वडिलांचं भांडण म्हणजे त्याच लाइनीवरच्या दोन स्टेशनांचं भांडण होतं.

मग प्रिया आली. स्कूटर. १९७५ साली सरकारच्या महामंडळाने आणि बजाजने मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली आणि कारखाना साताऱ्यात टाकला. वडिलांचा नंबर लागायला किती वर्षं गेली याचा आकडा दर दिवाळीला वाढायचा, म्हणून इथे देत नाही. पण ती आली तेव्हा वडिलांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, "आपल्या गावची आहे." पाहुण्यांना कंदी पेढे दिले की लगेच अंगणात नेऊन स्कूटर दाखवायचे, जणू दोन्ही एकाच भट्टीतून निघालंय. ती मूळ इटलीची व्हेस्पा, बजाजकडे १९७१ पर्यंत ती बनवणाऱ्या पियाजो कंपनीचा परवाना होता, त्याच वळणाची ही, हे पहिल्यांदा सांगितलं ते काकांनी. वडील आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. ते असते तर आता त्यांना सांगितलं असतं, की २०१२ पासून ती इटलीची व्हेस्पा बारामतीला बनते. ते म्हणाले असते, "बघ, आली की नाही इकडेच!"

हल्ली उलटं करून बघितलं तरी पत्ता लागत नाही. कुलूप अलिगढचं, काडेपेटी शिवकाशीची, बनियन तिरुपूरचं, भिंतीवरचं घड्याळ मोरबीचं, हे अजून कळतं. भिंतीतल्या प्लगच्या पितळी पिना आणि टायरचा व्हॉल्व्ह जामनगरकडचे असायची शक्यता दांडगी. आमच्या बोर्डवर ते कुणी लिहिलेलं नाही, पण पितळेचे असले बारीकसारीक जिन्नस करणारं ते गाव आहे. मोबाईल नोएडात जुळवलेला, त्याच्या आतलं काय कुठलं, देव जाणे. एकदा एका दुकानात हॉर्न घेतला, त्यावर लिहिलं होतं पी. आर. सी. मी विचारलं, हे काय? दुकानदार ठामपणे म्हणाला, "जर्मनीकडचं असतंय." पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना जर्मनीकडे सरकल्याचं मला तिथेच कळलं. हॉर्न अजून वाजतो. तो भाग वेगळा.

तर ड्रम. जोडी घेऊन घरी आले, जिन्यात टेकवून दम खात होते. वरच्या मजल्यावरचे मामा खाली येत होते. मामा रिटायर आहेत, एमआयडीसीत टर्नर होते, उजव्या हाताचं एक बोट अर्धं आहे. "काय आणलंस?" म्हणत त्यांनी ड्रम उचलला, चष्मा न लावता. बुडावर अंगठा फिरवला, त्या दोन अक्षरांवर थांबवला.

"ह्यो आमच्यातला."

"मामा, खोक्यावर हरियाणा लिहिलंय."

"हितली अक्षरं ओतकामवाल्यांची. कोल्हापूरकडं ओतायचं. टर्निंग आमच्याकडं. पाळीला दीडशे जॉब." आत बोट घालून त्यांनी कडा तपासली. "आतली बर, कडेची कूस, नीट काढलेली न्हाई. माझ्या वेळी असला जॉब रिजेक्ट झाला असता."

म्हणजे हा कोल्हापूरकडे ओतला, साताऱ्यात घासला, हरियाणाला जाऊन खोक्यात बसला आणि परत पोवई नाक्यावर आला. माझ्यापेक्षा जास्त हिंडलेला ड्रम. मी विचारलं, "आणि ओतायच्या आधी बीड कुठलं?"

"भंगार. जुनी ड्रमं असतील कुणाची तरी." मग थांबून म्हणाले, "आमच्यात ड्रम कुणी म्हणायचं न्हाई बघ. जॉबच. एकोणीस वर्षं केली. गाडीला लागताना कधी बघितला न्हाई."

हे त्यांनी सहज म्हटलं. ओटा पुसताना बायका काहीतरी बोलून जातात, तसं. पण मला पुढे काही सुचेना, म्हणून म्हटलं, "उद्या चला की गॅरेजला."

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मेकॅनिकने जुने ड्रम कोपऱ्यातल्या भंगारात भिरकावले, त्या आवाजाने मामा दचकले. नवीन ड्रम बसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. लायनर, मग ड्रम, दोन ठोके, हाताने गरगर फिरवून बघितलं. मामा उकिडवे बसून कान लावून होते. "फिरतोय सरळ," म्हणाले. मग मेकॅनिकने चाक चढवलं, नट आवळले, वर कॅप दाबली.

मामा वाकून चाकाच्या फटीतून बघायला लागले. "आता दिसत न्हाई की."

"दिसला नाही तेच बरं, मामा," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "दिसला म्हणजे चाक निघालं समजा."

मामा खूप हसले. परत येताना मागे बसायचा हट्ट धरला, ड्रमच्या बाजूला. सदरबाजारापर्यंत मी दर चौकात उगाचच जोरात ब्रेक दाबत आले.