आरव्हीतली पाण्याची गळती आणि बदललेले जोड – माझा अनुभव

रात्री सगळं शांत झालं की आमच्या आरव्हीतला (आत राहायची सोय असलेल्या गाडीतला) पाण्याचा पंप एकदम घर्र करून एखादा सेकंद वाजायचा आणि गप्प व्हायचा. सगळे नळ बंद, बाथरूममध्ये कोणी नाही, तरी वीस-पंचवीस मिनिटांनी परत घर्र. दोन-तीन आठवडे मी तिकडे लक्षच दिलं नाही, आणि आता त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण तेवढ्यात पाणी तापवायच्या हीटरमागची प्लायवूडची फळी फुगून तिचे पापुद्रे सुटायला लागले होते.

या 12 व्होल्टच्या पंपाला प्रेशर स्विच असतो. लाइनमधलं प्रेशर वाढत वाढत बहुतेक पंपांत 45 ते 55 पीएसआयला (पीएसआय म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) आलं की पंप बंद होतो, आणि बरंच खाली उतरलं की परत चालू. मग नळ बंद असताना पंप वाजतोय म्हणजे प्रेशर कुठूनतरी जातंय. एकतर जोड गळतोय, नाहीतर पंपाच्या आतला व्हॉल्व्ह खराब होऊन पाणी उलटं टाकीत जातंय. कुठलं ते बघायला मी पंप बंद केला, बाहेरच्या नळाचा होज, प्रेशर आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर लावून, गाडीच्या लाइनला जोडला आणि टाकीवर पेनाने पाण्याच्या पातळीची खूण केली. दोन तासांनी बघितलं तर पाणी खुणेलाच होतं, वर चढलं नव्हतं. म्हणजे पंप ठीक होता, गळती लाइनमध्येच होती.

मग प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला, सिंकखाली, शॉवरमागे, पंपाच्या गाळणीपाशी, हीटरच्या मागे, जिथे हात पोचेल तिथे सगळीकडे. सकाळी फक्त हीटरमागच्या गरम पाण्याच्या एल्बोवरचा (काटकोनी जोडावरचा) कागद भिजलेला मिळाला. बॅटरीच्या उजेडात नटच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबत होता, हळूहळू जाड व्हायचा, सुटायचा आणि लगेच त्याच जागी दुसरा धरायचा. मी बराच वेळ तिथेच आडवा पडून बघत होतो, एवढ्याशा थेंबाने अख्खी फळी खाल्ली.

इथे माझी मोठी चूक झाली. गळतंय म्हणजे नट ढिला असणार असं धरून पाना लावला आणि जोर देऊन आवळला. गळती थांबली, एक दिवस बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी नटला उभी चीर पडली आणि पाणी पार दारापर्यंत आलं. खोलून बघितलं तर आतला कोनासारखा रबरी वायसर चेपून वाकडा झालेला आणि आट्यांवर आधी कोणीतरी टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे मारलेले. अशा प्लास्टिकच्या फिरत्या नटमध्ये पाणी अडवतो तो वायसर, आटे फक्त त्याला दाबून धरतात, टेपचा तिथे काही उपयोग नाही, उलट नट नीट बसत नाही. हाताने घट्ट आवळायचा, फार तर वर पाव फेरा, बस. टेप लागते ती निमुळत्या आट्यांना, जिथे आत वायसर नसतो, म्हणजे पितळी फिटिंग हीटरच्या टाकीत आवळतो तिथे, आणि ती आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळायची नाहीतर बसवताना उलगडून येते.

बदलायला घेतलं तेव्हा आधी हीटर बंद करून पूर्ण थंड होऊ दिला, पंप बंद, नळ उघडून प्रेशर सोडलं, मग पाणी काढून टाकायचे खालचे ड्रेन कॉक उघडले. हीटर विजेवर चालत असेल तर टाकी रिकामी असताना चुकूनही चालू करायचा नाही, आतलं तापणारं एलिमेंट लगेच जळतं.

पाइप पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा होता. पाइप घेताना मापाकडे खरंच लक्ष द्या, कारण अर्धा इंच म्हणून जो मिळतो तो बाहेरून मोजला तर 5/8 इंच, साधारण 16 मिमी भरतो, आणि 15 मिमीचा पाइप शेजारी ठेवला तर डोळ्याला फरकच कळत नाही. फिटिंग मात्र एकाचं दुसऱ्याला लावू नका, आज बसल्यासारखं वाटलं तरी कधीतरी सुटणार. पाइपवर छापलेलं माप वाचून तसंच फिटिंग घ्या.

पाइप करवतीने न कापता कटरने अगदी काटकोनात कापला. जिथे जागा होती तिथे पाइपवर रिंग सरकवून क्रिंप केली, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवली, रिंग पाइपच्या टोकापासून 3 ते 6 मिमी आत. हीटरच्या मागे मात्र क्रिंपच्या पकडीचे लांब दांडे उघडायला जागाच नव्हती, म्हणून तिथे पुश-फिट एल्बो वापरला, ज्यात पाइप नुसता ढकलून बसवतात. पाइप किती आत जायला हवा तेवढी खूण आधी करून घ्या आणि खूण काठाला टेकेपर्यंत ढकला, मी पहिल्यांदा ढकलला तेव्हा तो मध्येच अडला होता आणि खूण नसती तर मला कळलंही नसतं. प्रवासात गाडी सतत हादरत असते आणि तो हादरा शेवटी जोडावरच येतो, म्हणून दोन्ही बाजूंना पाइप क्लिपने फळीला धरला.

लाइन उघडली होती म्हणून टाकी पण निर्जंतुक केली. साधं, वास न घातलेलं 5 टक्क्यांच्या आसपासचं घरगुती ब्लीच, लिटरला 1 मिली, आधी वेगळ्या भांड्यात पाण्यात मिसळून मग टाकीत. ब्लीचचा वास येईपर्यंत प्रत्येक नळ सोडला, गरम आणि गार दोन्ही, 12 तास तसंच ठेवलं आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुतलं.

त्या रात्री टिश्यू परत गुंडाळून पंप चालू ठेवून झोपलो. एकदाही वाजला नाही, सकाळी सगळे कागद कोरडे. फुगलेली फळी कापून नवीन टाकली, आणि ती आधीसारखी चिकटवून न टाकता चार स्क्रूवर बसवली, म्हणजे आता महिन्यातून एकदा उघडून आत हात फिरवता येतो.