चित्राआधी नकाशा

स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. त्या माझ्या वर्गमित्रांकडे भरपूर आहेत. मी शाळेच्या ग्रंथालयात शिकलेलं एक काम लिहून देतो: सस्तन प्राण्यांचं ओळख-पुस्तक कसं वापरायचं. नववी-दहावीच्या मुलांना सहलीत कामी येईल.

प्राणी दिसला की सगळे चित्रं चाळतात, आणि तिथेच फसतात. चित्र पाहिलं की आपण तेच पाहिलं असं वाटू लागतं. म्हणून पुस्तक मिटलेलं ठेवून आधी वहीत लिहा: वेळ, ठिकाण, झाडी कसली, खांद्याची उंची (गुडघ्याएवढी की कमरेएवढी), शेपूट अंगाच्या मानाने किती आणि टोक कोणत्या रंगाचं. साध्या मुंगसाच्या शेपटीचं टोक काळं नसतं. काळं असून वर वळलेलं असेल तर तो तांबूस मुंगूस. रंगापेक्षा हे टोक भरवशाचं, कारण अंगाचा रंग उन्हात बदलता दिसतो.

मग तो प्राणी कुठे आढळतो ते रंगवून दाखवणारा पुस्तकातला नकाशा उघडा. ‘लाल तोंडाचं माकड’ आपण दोन जातींना म्हणतो. ढोबळमानाने तापीच्या उत्तरेला ऱ्हीसस, दक्षिणेला टोपी माकड. ऱ्हीसस आता दक्षिणेकडे सरकतो आहे, त्यामुळे सीमेजवळ शेपूट बघाच: टोपी माकडाची अंगापेक्षा लांब, ऱ्हीससची अंगाच्या निम्म्याच्या आसपास.

नकाशाचाही भाबडा विश्वास नको. भारत ४ सेंमी उंच छापला असेल, तर १ मिमी म्हणजे सुमारे ८० किमी. रंग सबंध सह्याद्रीवर पसरलेला दिसतो, पण शेकरूला फांदीला फांदी लागलेलं उंच रान हवं. ते भीमाशंकरला भेटेल, शेजारच्या उघड्या सड्यावर नाही. रंगवलेल्या पट्ट्यातही अधिवासाचा मजकूर वाचल्याशिवाय नाव लिहू नका.

आवृत्तीचं साल पाहा. चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष जाहीर झाला आणि २०२२ मध्ये कुनोत बाहेरून आणला गेला. मधल्या काळातलं पुस्तक ही दुसरी गोष्ट सांगणार नाही. शास्त्रीय नावंही बदलतात. सांबर जुन्या सूचीत ‘सर्व्हस’खाली, नव्यात ‘रुसा’खाली. गावची नावं वहीत जरूर लिहा, पण सूचीत शोधताना जपून: अनेक ठिकाणी बिबट्यालाही वाघच म्हणतात.

ठसा सापडला तर शेजारी पट्टी ठेवा आणि फोटो बरोबर वरून घ्या. तिरका घेतला की ठशाचा आकार बिघडलेला दिसतो. नखांच्या खुणा असतील तर बहुधा कुत्र्याच्या कुळातला किंवा तरस, कारण मांजरं चालताना नखं आत ओढून घेतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्ट मोठा, तेव्हा एकच ठसा पाहून थांबू नका, पुढचा-मागचा दोन्ही मोजा.